प्रस्तावना: साम्राज्य मोडले ते वर्ष, १८०६

जर्मन इतिहासावरची मराठी पुस्तके चाळली तर त्यांची सुरुवात बहुधा बिस्मार्कपासून होते आणि शेवट बर्लिनच्या बंकरमध्ये. वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ने एका पिढीला हिटलर समजावून सांगितला; त्याचे ऋण मोठेच. पण या वाचनामुळे जर्मनी म्हणजे मुळापासूनच एकसंध, शिस्तीचा, कवायती देश, अशी आपली समजूत होऊन बसली. प्रस्तुत पुस्तक ज्या वर्षाबद्दल आहे त्या वर्षी असा देश अस्तित्वातच नव्हता. होते ते एक म्हातारे साम्राज्य, आणि तेही ऑगस्टमध्ये मोडीत निघाले. ऑक्टोबरात जर्मन मुलखातले सर्वांत नावाजलेले सैन्य एकाच दिवशी दोन ठिकाणी हरले. आणि याच बारा महिन्यांत गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग पुरा झाला, हेगेलने आपला पहिला मोठा ग्रंथ संपवत आणला, व्हिएन्नात बेथोव्हेनची व्हायोलिन काँचेर्टो पहिल्यांदा वाजली.

लढाई, तह आणि ग्रंथ यांचे एकमेकांशी नाते काय, हा या पुस्तकाचा प्रश्न आहे. त्याचे एक ठरीव उत्तर फार काळ चालत आले: पराभवाने जर्मन जागे झाले आणि जागे झाल्यावर थोर झाले. लेखिकेला ते मान्य नाही. मलाही नाही. का, ते सांगण्यासाठी आधी त्या वर्षाची थोडी ओळख करून द्यायला हवी.

त्या काळचा नकाशा पाहिला की डोके गरगरते. ‘जर्मन राष्ट्राचे पवित्र रोमन साम्राज्य’ असे भारदस्त नाव, आणि आत शेकडो राज्ये, जहागिरी, मठ, नगरे. १८०३ च्या फेरवाटणीत धर्मगुरूंची बहुतेक संस्थाने आणि बहुतेक स्वतंत्र नगरे शेजाऱ्यांच्या घशात गेली होती. तरीही ऑस्ट्रिया आणि प्रशिया हे दोन दांडगे, बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग, हॅनोव्हर हे मधले, आणि त्यांच्या फटींत बसलेली बरीच चिल्लर शिल्लक होती. वर एक निवडलेला सम्राट, जो पिढ्यान्‌पिढ्या जवळजवळ नेहमी हाब्सबुर्ग घराण्यातूनच निवडला जाई. रेगेन्सबुर्गला १६६३ पासून अखंड बसलेली एक सभा. वेट्झलारला एक सर्वोच्च न्यायालय, ज्यात खटले आजोबांकडून नातवाकडे वारशाने जात. पण प्रजाजन आपल्या राजाला खेचू शकत होते तेही याच न्यायालयात.

मराठी वाचकाला ही रचना फारशी परकी वाटू नये. महादजी शिंद्यांनी शाहआलमकडून पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलकीची सनद मिळवली तेव्हा बादशहाच्या हाती काय उरले आहे हे साऱ्या हिंदुस्थानाला ठाऊक होते, तरी सनद लागे ती बादशहाचीच. योगायोग असा की तो शाहआलमही याच वर्षी, नोव्हेंबर १८०६ मध्ये, वारला. अर्थात ही तुलना फार ताणू नये. दिल्लीच्या बादशाहीचे नाव उरले होते, यंत्रणा गेली होती. जर्मन साम्राज्याची न्यायालये आणि सभा शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत कामकाज करीत होत्या, आणि छोट्या संस्थानिकांना मोठ्यांपासून जे थोडेफार संरक्षण होते ते त्यांच्यामुळेच.

१८०६ समजून घ्यायचे तर अकरा वर्षे मागे जावे लागते. एप्रिल १७९५ मध्ये प्रशियाने बाझेल येथे क्रांतिकारक फ्रान्सशी स्वतंत्र तह केला आणि युद्धातून अंग काढून घेतले. उत्तर जर्मनी तटस्थ ठरला. ऑस्ट्रियाने याला दगाबाजी म्हटले. पुढच्या राष्ट्रवादी इतिहासकारांनी भ्याडपणा म्हटले. पण या तहाच्या आडोशाला काय काय झाले ते पाहावे. वायमार आणि येना ही थ्युरिंगियातली गावे एकमेकांपासून जेमतेम अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. गटे आणि शिलर यांची मैत्री, त्यांचे एकत्र लेखन, वायमारच्या रंगभूमीवरचे प्रयोग, येनाच्या विद्यापीठातली फिक्टे आणि शेलिंग यांची व्याख्याने, श्लेगेल बंधूंचा गोतावळा, यातले बहुतेक सारे या तटस्थतेच्या वर्षांतले आहे. इटलीत, स्वाबियात, ऱ्हाईनकाठी तोफा वाजत होत्या तेव्हा थ्युरिंगियात तालमी चालू होत्या. ज्या मुत्सद्देगिरीला पुढे सगळ्यांनी नावे ठेवली, त्याच मुत्सद्देगिरीने जर्मन साहित्याचा सर्वांत भरघोस काळ विकत घेऊन दिला. या पुस्तकातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला मुद्दा हा आहे.

ही तटस्थता संपली कशी, ही कथा मात्र केविलवाणी आहे. १८०५ च्या शरदात ऑस्ट्रिया आणि रशिया नेपोलियनविरुद्ध उतरले. प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म काठावर बसून पाणी जोखत राहिला. शेवटी त्याचा मंत्री हाउगविट्झ नेपोलियनला दमात घेण्याच्या अटी खिशात घालून निघाला. त्या अटी पुढे करण्याआधीच २ डिसेंबरला नेपोलियनने आउस्टर्लिट्झची लढाई जिंकली. हाउगविट्झने अटींचा कागद खिशातच ठेवला, विजेत्याचे अभिनंदन केले आणि त्याच्याशीच मैत्रीचा करार करून घरी आला. मोबदला म्हणून प्रशियाला हॅनोव्हर मिळाले. पण हॅनोव्हर होते इंग्लंडच्या राजाचे. ब्रिटनने प्रशियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि शेकडो प्रशियन व्यापारी जहाजे धरली. उन्हाळ्यात बर्लिनला कळले की नेपोलियन इंग्लंडशी तहाची बोलणी करताना तेच हॅनोव्हर परत देऊ करतो आहे. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, अशी प्रशियाची गत झाली. आणि ऑगस्टमध्ये, एकही भरवशाचा मित्र मैदानात नसताना, त्याने सैन्य गोळा करायला सुरुवात केली.

हॅनोव्हर हे नाव आपल्या इतिहासातही डोकावून गेले आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या मैदानावर शिंद्यांच्या कवायती पायदळाचे नेतृत्व करणारा अँथनी पोलमन हा हॅनोव्हरचाच. त्याला हरवणारा आर्थर वेलस्ली दोन वर्षांनी मायदेशी परतला आणि १८०५ च्या अखेरीस ब्रिटिश फौजेची एक ब्रिगेड घेऊन याच हॅनोव्हरसाठी उत्तर जर्मनीत उतरला. आउस्टर्लिट्झमुळे त्या मोहिमेतली हवाच गेली आणि फेब्रुवारी १८०६ पर्यंत तो मोठीशी लढाई न करता परत गेला. युरोपचे आणि दख्खनचे राजकारण त्या काळी किती जवळून वाहत होते, ते एवढ्यावरून कळावे.

दक्षिणेत गोष्टी वेगाने पुढे गेल्या होत्या. १ जानेवारी १८०६ रोजी बव्हेरिया आणि व्युर्टेम्बर्ग यांचे शासक नेपोलियनच्या कृपेने राजे झाले. १२ जुलैला सोळा जर्मन संस्थानिकांनी पॅरिसमध्ये ऱ्हाईन महासंघाच्या करारावर सह्या केल्या. नेपोलियन त्यांचा संरक्षक. १ ऑगस्टला त्यांनी रेगेन्सबुर्गच्या सभेत साम्राज्यातून बाहेर पडल्याचे जाहीर केले. ६ ऑगस्टला व्हिएन्नातल्या एका चर्चच्या सज्जातून शाही भालदाराने घोषणा वाचली: सम्राट दुसऱ्या फ्रान्झने मुकुट उतरवला आहे आणि साम्राज्याची सारी बंधने सुटली आहेत. दोन वर्षांपूर्वीच त्याने ‘ऑस्ट्रियाचा सम्राट’ हा नवा किताब स्वतःला लावून घेतला होता, त्यामुळे बिरुदाविना तो राहिला नाही. खरा हेतू असा की जुना मुकुट नेपोलियनच्या डोक्यावर जाऊ नये. ९६२ पासून धरले तर ८४४ वर्षांचे साम्राज्य असे एका जाहीरनाम्याने आटोपले.

लोकांना काय वाटले? गटे तेव्हा कार्ल्सबाडहून घरी परतत होता. ७ ऑगस्टच्या रोजनिशीत त्याने नोंदवले आहे की साम्राज्य दुभंगल्याच्या बातमीपेक्षा गाडीवरच्या नोकराच्या आणि गाडीवानाच्या भांडणाने आपण अधिक तापलो. ही नोंद इतकी उद्धृत झाली आहे की तिच्यावरून जर्मनांना साम्राज्याचे सोयरसुतक नव्हते, असा निष्कर्षच रूढ झाला. पण त्याच्या आईचे पत्रही वाचावे. ती फ्रांकफुर्टला राहत होती, जिथे सम्राटांची निवड आणि राज्याभिषेक होत. ऑगस्टमध्येच तिने मुलाला लिहिले की चर्चमधल्या प्रार्थनेतून सम्राट आणि साम्राज्य यांची नावे पहिल्यांदाच गाळली गेली. एखादा जुना स्नेही आजारी असावा, वैद्यांनी आशा सोडलेली असावी, आणि तरी तो गेल्याची बातमी आली की धस्स व्हावे, तसे तिला झाले. मुलगा आणि आई, दोघेही खरे बोलत आहेत. एका भावनेचे लेबल साऱ्या जर्मनांना चिकटवता येत नाही, हे या दोन कागदांतून जितके कळते तितके जाडजूड ग्रंथांतून कळत नाही.

त्याच महिन्यात न्युर्नबेर्गचा पुस्तकविक्रेता योहान फिलिप पाल्म याला फ्रेंचांनी पकडले. जर्मनीच्या मानहानीवरची एक निनावी पुस्तिका त्याने विकली, एवढाच गुन्हा. लेखकाचे नाव त्याने सांगितले नाही. २६ ऑगस्टला इन नदीकाठच्या ब्राउनाऊ गावी त्याला गोळ्या घातल्या गेल्या. पुढे याच ब्राउनाऊत हिटलर जन्मला आणि आपल्या आत्मकथनाच्या पहिल्याच पानांत त्याने पाल्मला राबवून घेतले. लेखकाला पाठीशी घालणाऱ्या एका पुस्तकविक्रेत्याचे नाव पुस्तके जाळणाऱ्यांच्या पोथीत जावे, यापरता उपहास नाही.

प्रशियाच्या युद्धाचा निकाल झटपट लागला. १० ऑक्टोबरला झालफेल्डला राजपुत्र लुई फेर्डिनांड पडला. हा उत्तम पियानोवादक आणि चांगला संगीतकार. बेथोव्हेनने आपली तिसरी पियानो काँचेर्टो त्याला अर्पण केली होती. १४ ऑक्टोबरला येनाजवळ नेपोलियनने प्रशियन सेनानी होहेनलोहच्या फौजेचा धुव्वा उडवला. त्याच दिवशी काही कोसांवर आउअरश्टेटला मार्शल दावूने सुमारे २७,००० सैनिकांनिशी दुपटीहून अधिक संख्येच्या मुख्य प्रशियन सैन्याला हरवले. सेनापती ब्राउनश्वाइगचा ड्यूक सुरुवातीलाच डोळ्यांना गोळी लागून निकामी झाला आणि त्याच्या जागी हुकूम द्यायला कोणी पुढे येईना. त्यानंतर जे झाले ते पराभवाहून लाजिरवाणे. श्टेटिनचा मजबूत किल्ला काही शे फ्रेंच घोडेस्वारांपुढे शरण गेला. माग्डेबुर्ग वीस हजारांहून अधिक शिबंदीनिशी गेले. बर्लिनच्या भिंतींवर गव्हर्नरचे पत्रक लागले: राजाने लढाई गमावली आहे, नागरिकांनी शांत राहावे. २७ ऑक्टोबरला नेपोलियन ब्रांडेनबुर्ग दरवाज्यातून आत आला आणि दरवाज्यावरचा चार घोड्यांचा रथ उतरवून पॅरिसला धाडला गेला. २१ नोव्हेंबरला बर्लिनहूनच त्याने ब्रिटनच्या व्यापाराची नाकेबंदी पुकारली. डिसेंबरात सॅक्सनीने बाजू बदलली आणि राज्याचा दर्जा पटकावला. पुढच्या वर्षी टिल्झिटच्या तहात प्रशियाचा जवळपास निम्मा मुलूख गेला.

आता संस्कृतीकडे. इथे तारखा नीट पाहणे फार गरजेचे आहे, कारण सगळा गोंधळ तारखा सैल सोडल्यामुळे झाला आहे. ‘फाउस्ट’चा पहिला भाग एप्रिल १८०६ मध्ये पुरा झाला, म्हणजे लढाईच्या सहा महिने आधी, युद्धाने केले ते एवढेच की त्याची छपाई १८०८ पर्यंत रखडवली. आर्निम आणि ब्रेंटानो यांच्या लोकगीतसंग्रहाचा पहिला खंड १८०५ च्या शरदात आला आणि जानेवारी १८०६ मध्ये गटेने त्यावर परीक्षण लिहिले. बर्लिनच्या अकादमीत अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट वनस्पतींच्या रूपरचनेवर बोलला, तेही त्याच जानेवारीत. यातले काहीही पराभवाची प्रतिक्रिया नव्हे. सारे आधीच्या शांततेचे पीक आहे.

हेगेलची गोष्ट तर दंतकथाच होऊन बसली आहे. तो तेव्हा येनाला तुटपुंज्या पगाराचा प्राध्यापक. १३ ऑक्टोबरला त्याने नेपोलियनला घोड्यावरून पाहणीसाठी शहराबाहेर जाताना पाहिले आणि मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याला जगाच्या आत्म्याची उपमा दिली. सगळे एवढेच सांगतात. त्याच पत्रात हेगेल हस्तलिखिताच्या काळजीने व्याकूळ आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. ग्रंथाचा शेवटचा मजकूर १८ ऑक्टोबरच्या आत बांबेर्गच्या प्रकाशकाकडे पोचायचा होता. त्यासाठी त्याचा मित्र नीटहामर स्वतः जामीन राहिला होता, आणि टपालाची वाट दोन सैन्यांमधून जात होती. जगाचा आत्मा घोड्यावर होता हे ठीक, पण तत्त्वज्ञाचा जीव टपालात अडकला होता.

वायमारमध्ये १४ ऑक्टोबरच्या रात्री लूट झाली. गटेच्या घरात एका मार्शलच्या मुक्कामाची सोय ठेवली होती, तरी दोन शिपाई आत घुसले आणि वर थेट त्याच्या खोलीपर्यंत गेले. क्रिस्टियाने वुल्पियुसने आरडाओरड केली, घरात आसऱ्याला आलेल्यांची मदत घेतली आणि त्यांना बाहेर काढले. अठरा वर्षे ही बाई लग्नाविना त्याच्याबरोबर राहत होती आणि वायमारच्या प्रतिष्ठितांनी तिला आपल्या उंबऱ्याच्या आत घेतले नव्हते. १९ ऑक्टोबरला गटेने एका चर्चच्या मागच्या खोलीत तिच्याशी लग्न केले. साक्षीदारांत त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा होता. अंगठीवर तारीख कोरली ती १४ ऑक्टोबरची. दुसऱ्याच दिवशी त्याने नव्या बायकोला योहाना शोपेनहाउअरच्या घरी नेले. ही बाई गावात नुकतीच आली होती, तत्त्वज्ञ शोपेनहाउअरची आई. तिने क्रिस्टियानेला चहा दिला आणि त्या हिवाळ्यात वायमारचे नवे बैठकघर तिच्याकडे भरू लागले. साम्राज्याच्या अंताबद्दल गाडीवानाच्या भांडणाइतकीही कळकळ न दाखवणारा माणूस, स्वतःच्या दारात बंदुकीचा दस्ता आपटल्यावर कसा हलला, हे पाहण्यासारखे आहे.

युद्धाने मोडलेल्या गोष्टीही कमी नव्हत्या. हाल्लेचे विद्यापीठ नेपोलियनने बंद करून टाकले आणि श्लायरमाखरसारख्या प्राध्यापकाला बर्लिनची वाट धरावी लागली. १८१० मध्ये बर्लिनला नवे विद्यापीठ निघाले त्यामागे ही पोकळी होती. राहेल लेव्हिनच्या बर्लिनमधल्या बैठकीत राजपुत्र, नट आणि ज्यू व्यापाऱ्यांच्या लेकी एकाच खोलीत बसत. लुई फेर्डिनांडही तिथला. ती बैठक १८०६ नंतर पुन्हा तशी जमली नाही. वॉर्सात प्रशियन सरकारी नोकर असलेला ई. टी. ए. हॉफमन फ्रेंच आल्यावर बेकार झाला आणि संगीतावर पोट भरायच्या मागे लागला. साहित्याला त्याचा फायदाच झाला म्हणायचे. आणि बेथोव्हेन? सायलेशियात आश्रयदाता लिश्नोव्स्कीच्या वाड्यावर फ्रेंच अधिकाऱ्यांसमोर वाजवायला त्याने नकार दिला, कडाक्याचे भांडण झाले, आणि तो पावसापाण्यातून निघून गेला. ‘अपासिओनाता’ या पियानो सोनाटाचे हस्तलिखित त्याच्या सामानात होते. त्या पानांवर पाण्याचे डाग आजही दिसतात.

या वर्षाकडे पाहण्याच्या रीती वेळोवेळी बदलत गेल्या आणि प्रत्येक रीतीने आपल्या सोयीचे १८०६ घडवले. पहिली प्रशियन परंपरा: ड्रॉयझन, झिबेल आणि सर्वांत प्रभावी ट्राइट्श्के. त्यांच्या लेखी जुने साम्राज्य म्हणजे कुजके लाकूड, ऱ्हाईन महासंघ म्हणजे देशद्रोह, आणि येना म्हणजे शुद्धीकरण, ज्यातून नेपोलियनविरुद्धचा १८१३ चा मुक्तिसंग्राम आणि १८७१ चे नवे साम्राज्य जन्मले. कथा म्हणून ती झकास आहे: पतन, तप, उत्थान. म्हणून तर ती शाळेच्या पुस्तकांत शिरली. फ्रीडरिश माइनेकेने विसाव्या शतकाच्या आरंभी या कथेला वैचारिक खोली दिली, विश्वनागरिकत्वाकडून राष्ट्राकडे झालेला प्रवास दाखवला. पण दिशा तीच. नाझींनी ती कथा कुठवर नेली याचा पुरावा म्हणजे ‘कोलबेर्ग’ हा चित्रपट. १८०७ मध्ये या गावाने दिलेल्या झुंजीवरचा हा खर्चीक रंगीत चित्रपट ३० जानेवारी १९४५ रोजी प्रदर्शित झाला, आणि पुढच्या काही आठवड्यांत खरे कोलबेर्ग सोव्हिएत आणि पोलिश सैन्याच्या हाती पडले.

१९४५ नंतर पूर्व जर्मनीने त्याच नायकांना लाल झेंडा दिला. प्रशियन सेनासुधारक शार्नहोर्स्टच्या नावाने लष्करी पदक निघाले, १८१३ म्हणजे रशियन आणि जर्मन जनतेचे बंधुत्व ठरले. पश्चिमेकडे अधिक खोल फेरविचार झाला. कार्ल ओटमार फॉन आरेटिनने १९६७ मध्ये जुन्या साम्राज्याचा शेवट नव्याने तपासला आणि ते केवळ हास्यास्पद अडगळ नव्हते, दुर्बळांना कायद्याचा आधार देणारी व्यवस्था होते, हे दाखवले. एलिझाबेट फेरेनबाख आणि हेल्मुट बेर्डिंग यांनी महासंघातल्या राज्यांचे कागद उपसून काढले: नेपोलियनचा कायदा, जमिनीचे हक्क, ज्यूंचे नागरिकत्व, आणि या सुधारणा जागोजागी सरंजामदारांपुढे कशा अडल्या तेही. निपरडाय आणि वेहलर यांनी ऐंशीच्या दशकात या साऱ्याचे मोठे पट विणले. एकाचा भर नेपोलियनच्या धक्क्यावर, दुसऱ्याचा वरून लादलेल्या बचावात्मक सुधारणांवर. ब्रेंडन सिम्सने परराष्ट्रधोरण पुन्हा मध्यभागी आणले. उटे प्लानर्टने २००७ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या साध्या माणसांची नोंदवह्या-पत्रे वाचून सांगितले की तिथे मुक्तिसंग्रामाचा उत्साह शोधावा लागतो. सापडतात ते सैन्याचे मुक्काम, चारा, कर, तापाच्या साथी. बार्बरा श्टोलबेर्ग-रिलिंगर यांनी साम्राज्याच्या मानपान आणि समारंभांकडे राज्यकारभाराचा गाभा म्हणून पाहायला शिकवले. कोणाचे पारडे जड, हे वाचकाने ठरवावे. माझा कल प्लानर्टकडे आहे, कारण चाऱ्याचा हिशेब ठेवणारा शेतकरी सहसा थाप मारत नाही.

साहित्याचे इतिहासकार मात्र या वादांपासून फटकून राहिले. ‘वायमारचे अभिजात युग’ ही एक वेगळी काचेची पेटी करून त्यांनी तिच्यावर धूळ बसू दिली नाही. लेखिकेने ती पेटी उघडली आहे. तिचे म्हणणे असे की ज्या तुकड्या-तुकड्यांच्या जर्मनीची टिंगल झाली, त्याच तुकड्यांत ही संस्कृती पोसली गेली. प्रत्येक छोट्या दरबाराला आपले नाटकगृह, आपले ग्रंथालय, आपले विद्यापीठ हवे असे. व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने लिहायला बंदी केली तेव्हा शिलर रातोरात हद्द ओलांडून मानहाइमला गेला. हुकमाची धाव सीमेपर्यंतच होती. नास्तिकतेच्या आरोपावरून १७९९ मध्ये येनाने फिक्टेला घालवले तर बर्लिनने घेतले. एकच राजधानी आणि एकच सेन्सॉर असता तर हे दोघे कुठे गेले असते? याला एक पुरवणी जोडायला हवी. १८०६ पर्यंत येनाचा बहर ओसरला होता. शेलिंग गेला होता, शिलर मे १८०५ मध्ये वारला होता. युद्धाने एक फुलता मळा तुडवला, असे म्हणणेही अतिशयोक्तीचे होईल.

हा विषय आज कशासाठी? जर्मनीच्या सध्याच्या घटक राज्यांपैकी बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्ग यांच्या आजच्या घडणीचा पाया १८०६ च्या आसपासच्या वर्षांत घातला गेला. तेव्हा बव्हेरियाला जोडलेल्या फ्रांकोनियातली माणसे राजधानी म्युनिकबद्दल आजही कुरकुरतात. शाळा, विद्यापीठे आणि नाटकगृहे तिथे आजही प्रामुख्याने राज्यांच्या अखत्यारीत आहेत. शिवाय गेल्या काही वर्षांत युरोपात तटस्थतेचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. फिनलंड आणि स्वीडन यांनी दीर्घकाळची अलिप्तता सोडली. बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या देशाने किती काळ काठावर बसावे, आणि उडी घ्यायचीच तर कोणाबरोबर, हा बर्लिनचा १८०६ चा पेच होता. अलिप्ततेची भाषा ऐकत वाढलेल्या भारतीय वाचकाला त्यात रस वाटावा. बाझेलच्या तहाने अकरा वर्षे दिली. पण त्या अकरा वर्षांत प्रशियाने ना सैन्य सुधारले ना मित्र जोडले. तटस्थता चुकीची नव्हती. तिच्या आडोशाला झोपणे चुकीचे होते.

लेखिकेने वर्षाचे महिने क्रमाने घेतले आहेत आणि तहनामा, रणांगण आणि लिहिण्याचे टेबल यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलेले नाही. ही पद्धत अवघड आहे. हाउगविट्झच्या खलित्यानंतर लगेच लोकगीतांचा संग्रह आला की वाचक दचकतो. पण त्या वर्षी जगणारी माणसेही असेच जगत होती, आणि पुढे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. १८१३ आणि १८७१ चे शहाणपण १८०६ वर न लादण्याचा संयम तिने जवळजवळ सर्वत्र पाळला आहे.

एका बाबतीत माझे तिच्याशी जमत नाही. ऱ्हाईन महासंघाला तिने फार सौम्य हाताने घेतले आहे. कायद्यापुढची समानता आली, मठांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, हे खरे. पण महासंघाच्या करारात पहिल्यापासून माणसांचा भाव ठरला होता: सदस्य राज्यांनी मिळून ६३,००० सैनिक द्यायचे, त्यांत बव्हेरियाने ३०,०००. १८१२ मध्ये बव्हेरियाने तितकी माणसे रशियात पाठवली आणि त्यांतली फार थोडी परत आली. सुधारणांच्या हिशेबात ही रक्कम खर्चाच्या बाजूला ठळक अक्षरांत मांडायला हवी होती.

ज्यांना जर्मन इतिहासाचा गंध नाही त्यांनीही हे पुस्तक बिचकत हाती घेऊ नये. नावे अवघड आहेत. पहिल्या पन्नास पानांत ती अंगवळणी पडतात. सुरुवातीचा नकाशा मात्र वगळू नका, आणि ऑक्टोबरच्या लढाया आधी वाचण्याचा मोह आवरा. जानेवारीपासून सुरू करा.